टेकडीवरचे पाहुणे

रिटायर झाल्यापासून साहेबांच्या अंगात फोटोग्राफर संचारला होता. पावसाळा सरता सरता टेकड्या हिरव्यागार होऊन रानफुलांनी भरल्या, तशी नवाकोरा कॅमेरा गळ्यात अडकवून त्यांची स्वारी बायकोसह निघाली. पायथ्याशीच त्यांनी तिला उपदेशाचा डोस पाजला, "पायवाट सोडू नकोस. इथे आपण पाहुणे आहोत. एकही फूल चिरडता कामा नये."

ती बिचारी वाटेच्या कडेच्या दगडावर बसून राहिली. साहेब मात्र एका जांभळ्या फुलाच्या नजरेला नजर भिडवायला पोटावर आडवे झाले, आणि पोट काही मानेना म्हणून कधी या कुशीवर, कधी त्या कुशीवर लोळत राहिले.

घरी येताच फोटो टीव्हीवर लागला. फूल अगदी टवटवीत!

"याला म्हणतात नजर," साहेबांनी स्वतःची पाठ थोपटून घेतली. "तू काढलास एखादा?"

बायकोनं मोबाइल पुढे केला. हिरवी टेकडी, फुलंच फुलं, आणि मधोमध फुलं चिरडून सपाट झालेला एक लांबरुंद चट्टा. कोपरं कुठली, गुडघे कुठले, सगळं कळत होतं. पोट तर साहेबांनी लगेच ओळखलं.

"हा पाहुणे उठल्यावर काढला," ती म्हणाली.