मुका हंडा

शांतवनात राहायला येऊन तीन दिवस झाले होते आणि चार महिन्यांची मिहू धड झोपली नव्हती. इथल्या घरांच्या भिंती साध्या बोलण्याहून मोठा आवाज हवेतच पुसून टाकत. मिहू रडली की नुसतं उघडं तोंड दिसायचं. तिचा जन्म तांबट आळीतला. खाली दिवसभर हातोडे, शेजारी पिठाची गिरणी, समोर बँडवाल्यांचा सराव. त्या गोंगाटात ती गाढ झोपायची.

तिच्या आईने, ऋजुताने, फोनवर आळीतल्या ठोक्यांचं रेकॉर्डिंग मोठ्याने लावलं.

"अनावश्यक आवाज बंद केला आहे," भिंत गोड स्वरात म्हणाली.

"अनावश्यक कुणाला, बाई?" ऋजुता खेकसली. तिचं खेकसणंही पुसलं गेलं.

शेवटी आळीतल्या हौसाकाकू हंडा आणि हातोडी घेऊन बसने आल्या. त्यांनी दणका घातला. काहीच ऐकू आलं नाही.

"हे गाव आहे की कापसाची गादी?" काकू वैतागल्या. "चाळीस वर्षं ठोकतेय, हातोडी कधी मुकी झाली नव्हती."

मिहूला छातीशी घेऊन ऋजुता थकून हंड्याला टेकली. काकूंनी रागाने आणखी चार ठोके घातले. ते ऋजुताच्या पाठीतून थेट छातीत उतरले. मिहू रडायची थांबली. आईच्या छातीला गाल लावून ती थोडा वेळ तशीच राहिली, मग तिचे डोळे मिटले.

काकूंनी हातोडी ठेवली. डोळे लगेच उघडले.

"म्हणजे आता मी इथंच राहू का गं?" म्हणत काकू पुन्हा ठोकू लागल्या.

"घरात उत्तम शांतता आहे. अभिनंदन," भिंत म्हणाली.

"तू गप्प बस," दोघी एकदम कुजबुजल्या.