कपाळावरची आठी

कुंदाताईंच्या कपाळावर आठी चढली, तशी समोरच्या तरुण आईने मांडीवरच्या लेकीला घट्ट आवळलं.

वरचेवर बेशुद्ध पडणाऱ्या लेकीला घेऊन ती मादागास्करहून पुण्याच्या हॉस्पिटलात आली होती. निघताना केलेल्या मेंदूलहरींच्या तपासणीचा फ्रेंच रिपोर्ट आत्ताच मेलवर आला होता, आणि डॉक्टरांसाठी तो इंग्रजीत करून देणं हे कुंदाताईंचं काम. झोपेत उमटणाऱ्या एका निरुपद्रवी लहरीला नेमका इंग्रजी शब्द त्यांना सुचेना. भलताच लिहिला, तर डॉक्टरांना ती फिटची खूण वाटायची. त्या कोश चाळत राहिल्या, आठी खोल होत गेली.

“मॅडम, फार वाईट आहे का?” आईने रडवेल्या फ्रेंचमध्ये विचारलं.

कुंदाताई चपापल्या. ही पोर रिपोर्टऐवजी आपलं कपाळ वाचतेय होय!

“अगं वेडे, शब्द अडलाय माझा. तेव्हा मी अशीच दिसते. आमचे हे तर म्हणतात, शब्दकोडं सोडवतेस की कुणाच्या जिवावर उठलीयेस?”

आई कसनुसं हसली. शब्द एकदाचा सापडला, आणि त्याखाली शेवटची ओळ: लहरी वयाला साजेशा, फिटची एकही खूण नाही.

निदानाबद्दल चकार शब्द काढायचा नाही, ते डॉक्टरच सांगणार, असा हॉस्पिटलचा कडक नियम होता. कपाळाबद्दल मात्र नियमात काही नव्हतं. कुंदाताईंनी चष्मा काढला, खुर्ची तिच्याकडे वळवली आणि तोंडभर हसल्या.

आईने ते हसू सावकाश, अक्षर अक्षर लावत वाचलं, आणि लेकीभोवतीची मिठी सैल केली.