मोडलेला फटका

“बास झालं सर! आज मी माझ्या जुन्या पद्धतीनेच मारणार.” मृण्मयीने गोल्फची स्टिक जमिनीवर आपटली.

मोहिते सरांनी शांतपणे तिच्यापुढे चेंडू ठेवला, त्याने ती आणखीच भडकली. लहानपणापासून घोटवलेला तिचा फटका, ज्याच्या जोरावर तिने राज्याचं अजिंक्यपद मिळवलं होतं, तो त्यांनीच मोडायला लावला होता. ‘अशी कंबर पिळून मारत राहिलीस, तर पाठ कायमची जाईल,’ म्हणाले होते. पाठ दुखायची थांबली खरी, पण नव्या पद्धतीने चेंडू कधी झाडीत जाई, कधी तळ्यात. काल तर नवख्या पोरींनी तिला हरवलं आणि राज्याच्या संघातलं तिचं नावही गेलं.

तिने जुनी पकड घेतली, कंबर पिळली आणि सगळा राग ओतून फटका मारला. चेंडू पायाशीच घरंगळला. पुढचाही तसाच. मग तर स्टिक मातीतच रुतली.

“माझा फटका कुठाय? तुम्ही घालवलात तो!” ती किंचाळली.

“हो, मीच घालवला,” सर म्हणाले. “पाठ जाण्यापेक्षा फटका गेलेला बरा. हव्या तेवढ्या शिव्या दे मला, पण शिकवलंय तसं मार.”

दातओठ खात तिने पकड बदलली. चेंडू उंच उठला, सरळ खळग्यातल्या झेंड्याच्या दिशेने गेला आणि हिरवळीवर अलगद टेकला. क्षणभर तिला इतका आनंद झाला, की त्या आनंदाचाच तिला संताप आला.

सरांकडे न बघता तिने हात पुढे केला.

“दुसरा चेंडू द्या,” ती फणकारली.