दुहेरी दोरा

आमच्या घरात कुणाच्याही कपड्याचं बटण कधी तुटलं नाही. आजोबा शिंपी; प्रत्येक बटण दुहेरी दोऱ्यानं लावायचे. त्यामागची गोष्ट त्यांनी लग्नाच्या साठाव्या वाढदिवशी पुन्हा ऐकवली. "युद्धाच्या काळात आम्ही सैनिकांचे कोट शिवायचो. तपासायला ही बसायची. रोज माझाच एक कोट परत, बटण सैल म्हणून! मग हिच्या टेबलासमोर बसून ते पुन्हा लावायचं. शरमेनं मान वर व्हायची नाही." आजीला हसू आवरेना. "म्हणून तर लग्नाला वर्ष लागलं! अहो, तुमची बटणं पहिल्या दिवसापासून घट्ट होती. कात्रीच्या टोकानं मीच सैल करायचे." आजोबा उठले. अंगातल्या कोटाचं बटण ओढून पाहिलं; ते हलेना. मग कोट काढून त्यांनी आजीच्या मांडीवर ठेवला. "तपासनीसबाई, घ्या कात्री, करा सैल. आज मान वर करून बसतो."