दिव्याचं नाव

नवा दोरपूल बांधून झाला आणि पलीकडच्या काठावरून पहिली आली ती एक म्हातारी. थेट सायवीच्या दारात उभी राहिली, तिची हनुवटी धरली आणि म्हणाली, "मी हुरी. तुझी आई."

आम्ही सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. सायवीनंही.

आमच्यात माणसाला एखाद्या वस्तूचं नाव देतात आणि माणूस गेलं की तो शब्दही पुरतात. हुरी म्हणजे दिवा. महापुरात जुना पूल वाहून गेला, तेव्हा हुरीही बुडाली असंच आम्ही धरून चाललो. इवल्याशा सायवीनं रडत रडत खड्ड्यात तोंड घालून तो शब्द शेवटचा उच्चारला, वर माती लोटली. तेव्हापासून इथं दिव्याला 'तेमा' म्हणतात. त्या काठानं त्यांचे शब्द पुरले, आम्ही आमचे. एका बोलीच्या अशाच दोन झाल्या.

सायवीनं आईला ओळखलं होतं. तिनं गावच्या कारभाऱ्याकडे पाहिलं.

"पुरलेलं उकरत नाहीत, पोरी," तो खाली बघत म्हणाला. "पाहुणी म्हणून राहू दे."

अंधारून आलं. सायवीनं दिवा लावून म्हातारीच्या हातात दिला.

"हुरी," म्हातारी सवयीनं म्हणाली.

सायवीनं घाईनं तिच्या ओठांवर बोट ठेवलं. "तेमा," तान्ह्या पोराला शिकवावं तसं तिनं हळूच सांगितलं. "ते-मा."

म्हातारी ज्योतीकडे बघत राहिली. मग लेकीसाठी म्हणाली, "तेमा."