वाघ्याची वाढ

"काय होतंय कुत्र्याला?" डॉक्टर बिराजदारांनी विचारलं.

"वाढत न्हाय," सोजरबाई म्हणाली, आणि भाजीच्या पिशवीतून वाघ्याला उचलून तिनं टेबलावर ठेवलं.

वाघ्या म्हणजे पांढरं, टोकदार तोंडाचं पामेरियन कुत्रं. उंची जेमतेम दीड वीत. अंगावर कुठं झिपऱ्या, तर कुठं नुसतं कातडं. पाय टेकताच त्यानं डॉक्टरांवर, कंपाउंडर बसलिंगप्पावर आणि भिंतीवरच्या म्हशीच्या चित्रावर ओळीनं भुंकून घेतलं. भ्यायचं असतं हे त्या पठ्ठ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सोलापुरातल्या गुरांच्या दवाखान्यात अशी कुत्री बंगलेवाल्यांच्या मोटारीतून यायची. हा कुर्डुवाडीहून सकाळच्या पॅसेंजरनं आला होता.

"वय काय?"

"दोन वर्सं व्हत आली. आमचं मालक रेल्वेच्या कारखान्यात हायती. त्यांच्या सायबाची बदली झाली, जाताना पिल्लू देऊन गेला. मालकांनी समद्या गावाला सांगितलं, विलायती हाय, वासराएवढं व्हनार. आता वासरू ऱ्हाऊ द्या, बोक्याच्या फुडं जाईना की ओ!"

डॉक्टर हसले. सोजरबाई हसली नाही. ही तिच्या जिवाला लागलेली गोष्ट होती. बहात्तरच्या दुष्काळात छावणीत जनावरं पटापटा मेली, पण तिची म्हैस आपल्या पायांनी घरी आली होती. आजारी वासरू असलं की गाव तिच्याच दावणीला आणून बांधायचं. आणि ह्या एवढ्याशा जिवानं तिचं नाक कापलं होतं! दर अमावस्येला ती चौकटीवर कोळशानं ह्याची उंची मारायची. वर्षभराच्या रेघा एकाच जागी बसून चौकट काळी ठिक्कर झाली होती. शेजारची राजाबाई येता-जाता विचारायची, "सोजरे, खायाला घालतीस का न्हाय गं त्येला?" परवा तर नवऱ्यानंही तेच विचारलं. सोजरबाईनं दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी पॅसेंजर धरली.

"खायला काय घालता?"

हाच प्रश्न तिला हवा होता. "सकाळी दूध-भाकरी. दुपारच्याला भाकरी, वर लोन्याचा गोळा. मधल्या येळंला शेंगा आन गूळ. दिवस मावळताना पुन्ना दूध-भाकरी. मालक जेवत्यात तवा त्यांच्या ताटातलं, ते येगळं."

"आणि हे केस कुणी कापले?"

"धनगरानं. मेंढरं कातरतोय त्योच. म्हनला, समदी ताकद केसात जातीया, हाडाला लागंना."

"अय्यय्यो!" बसलिंगप्पा पुटपुटला आणि हसू दाबायला खिडकीकडं वळला. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग वाघ्याला काट्यावर ठेवलं. काटा सरकत सरकत आठ किलोवर जाऊन थांबला.

"बाई, ह्याची वाढ थांबूनच वर्ष झालं. ह्याची जातच एवढी असते. चार किलोच्या कुत्र्याला तुम्ही आठ किलोचं करून ठेवलंय. काड्यांएवढी हाडं, त्यांवर हा लोण्याचा बोजा. असंच चाललं तर एक दिवस काळीज बंद पडून मरेल तो."

सोजरबाईचा चेहरा खर्रकन उतरला. मग तिच्या काहीतरी ध्यानात आलं.

"म्हंजी, माज्या हातनं खायाला कमी न्हाय पडलं?"

"कमी? दुप्पट झालंय, दुप्पट!"

बाईला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. वाघ्याला उराशी धरून ती म्हणाली, "ऐकलंस का रं मुडद्या? दुप्पट!" वाघ्यानं तिचं नाक चाटलं.

"आता नीट ऐका," डॉक्टर म्हणाले. "आजपासून दिवसाला अर्धी भाकरी आणि वाटीभर दूध. लोणी, गूळ, शेंगा बंद. केसांना कात्री लावायची नाही, रोज विंचरायचे. उन्हात बांधायचं नाही."

"अर्धी?" सोजरबाईचा आनंद तिथंच विरला. "सायेब, दारात आलेल्या भिकाऱ्यालाबी आमी अर्धी देत न्हाय. राजाबाई आदीच म्हनती उपाशी ठेवती म्हनून. आता खरंच ठिवू?" तिनं हात जोडले. "तुमी लिवून द्या. सरकारी कागदावर. कुत्रं पुरं वाढलंय, आन कमी घालाया मी न्हाय, सरकारनं सांगितलंय."

बाई चेष्टा करत नव्हती. डॉक्टरांनी कागद पुढं ओढला, लिहिलं, सही केली, शिक्का मारला. बसलिंगप्पानं घसा खाकरून वाचून दाखवलं: "सदरहू कुत्रा पूर्ण वाढ झालेला असून त्याची उंची जातीनुसार बरोबर आहे. सौ. सोजरबाई यांनी त्यास खाऊ घालण्यात कोणतीही कसूर केलेली नाही. यापुढे दररोज अर्धी भाकरी देण्याचा या दवाखान्याचा आदेश आहे."

"कसूर न्हाय म्हनलं न्हवं? तेवढं पुन्ना वाचा."

बसलिंगप्पानं पुन्हा वाचलं. सोजरबाईनं कागदाची घडी करून कनवटीला खोचली, वाघ्याला पिशवीत बसवलं आणि दारापर्यंत गेली. तिथून परत आली.

"सायेब, आन बेंदराला?"

"बेंदूर बैलांचा सण असतो, बाई."

"व्हय की. पन बैलं पुरनपोळी खानार आन ह्यो नुसता बगत बसनार?"

डॉक्टरांनी हात पुढं केला. कागद पुन्हा टेबलावर आला. सहीच्या खाली त्यांनी लिहिलं, "बेंदराच्या दिवशी सदर आदेश लागू नाही," आणि त्या ओळीवर वेगळा शिक्का मारला.