निशाणी डावा अंगठा

काकासाहेबानं वडलांच्या कागदपत्रांची पेटी न उघडताच औरंगपुऱ्यातल्या एका जुन्या वाचनालयाला देऊन टाकली आणि त्याबद्दल शाल-नारळही पदरात पाडून घेतला. सत्काराला त्याची थोरली बहीण मनकर्णाबाई मुद्दाम आली होती.

"आजी, हा तुमचा कागद बघा," ग्रंथपाल कौतुकानं म्हणाले. काचेखाली सन १९७१ चा स्टॅम्पपेपर होता. त्यावर चिठ्ठी लावलेली: 'बहिणीची माया'. वडलांच्या जमिनीतला माझा हिस्सा मी राजीखुशीनं भावाला सोडते, असं लिहून खाली मनकर्णाबाईच्या नावानं निशाणी डावा अंगठा.

तिच्या अंगाची लाहीलाही झाली. वडलांनीच सगळी जमीन माझ्या नावावर केली, असं हाच भाऊ तिला पन्नास वर्षं सांगत आला होता.

"हा अंगठा कुणाचा, काकासाहेबा?"

चार लोक बघतायत म्हटल्यावर तो हसला. "आक्का, इसरलीस व्हय? तूच लावला होतास की!"

"मेल्या, त्या साली मी पाचोडच्या शाळेत मास्तरीण होते. तुझा हात धरून तुला सही शिकवली, ती मीच!"